समुद्र कोणाच्या हिशेबात धरायचा?

पेबल बीच कंपनीचे मालक व भागीदार यांस,



तुमच्या पेबल बीचच्या गोल्फ मैदानावर अठरा होलांची एक फेरी खेळायला आज पावणेसातशे डॉलरच्या घरात ग्रीन फी पडते. कॅडीचा मेहनताना निराळा, त्याची बक्षिसी निराळी. टी-टाइम कित्येक महिने आधी पक्का करायचा तर तुमच्याच हॉटेलात निदान दोन रात्री उतरावं लागतं, आणि तिथल्या एका रात्रीला हजार डॉलर सहज लागतात. ज्याला खोली नको किंवा परवडत नाही, त्याने आदल्या दिवशी फोन लावायचा आणि एखादी जागा रिकामी राहिली आहे का ते विचारायचं. सगळी बेरीज केली तर तेवढ्या पैशांत कॅलिफोर्नियातला मराठी माणूस मुंबईला जाऊन परत येतो.

हे पत्र मराठीत लिहितो आहे, कारण सॅन होजे, सनीव्हेल, फ्रीमाँटमधली कितीतरी मराठी घरं दरवर्षी तुमच्या दारावरून जातात. देशातून आई-वडील आले की सतरा मैलांचा रस्ता दाखवायचा, हे ठरलेलंच असतं. फाटकावर गाडीमागे बारा डॉलरच्या आसपास भरायचे, कातळावरच्या एकट्या सायप्रसपाशी फोटो काढायचा, आणि मग अठराव्या ग्रीनच्या मागे उभं राहून खेळणाऱ्यांकडे बघत बसायचं. आमच्यातल्या बहुतेकांनी पुण्या-मुंबईत गोल्फचं मैदान कुंपणाबाहेरूनच पाहिलेलं. तिथे सदस्यत्व तरी हवं, नाहीतर कोणाची ओळख. इथे आल्यावर नगरपालिकेच्या मैदानावर पहिल्यांदा काठी हातात घेतली, आणि तिशी-चाळिशीत हा खेळ अंगात भिनला. आता ही मंडळी मला विचारतात, पेबलला एकदा तरी खेळावं का? त्या मैदानाची आखणी खरोखर एवढ्या पैशांची आहे का?

तुमच्या बाजूने बोलणाऱ्यांचं उत्तर ठरलेलं आहे: अशी आखणी जगात दुसरी नाही, म्हणून असा दर. या उत्तराचा पहिला अर्धा भाग मला मान्य आहे. तुमच्या मैदानावर मी खेळलो आहे, २०१९च्या यू.एस. ओपनला प्रेक्षक म्हणून त्याच्या कडेकडेने चाललो आहे, आणि गोल्फच्या मैदानाचा अभ्यास करणाऱ्या कोणालाही मी आधी तिथेच पाठवीन. दुसरा अर्धा भाग मात्र मान्य नाही. आखणी थोर आहे, पण हा दर त्या आखणीतून निघत नाही. तो कशातून निघतो हे नीट पाहिलं तर तुमच्यावर एक देणं उरतं, आणि त्याच देण्याविषयी मला लिहायचं आहे.

आधी आखणीविषयी, कारण तिच्यावर माझं प्रेम आहे.

त्या वेळी इथल्या जमिनीचा कारभार पाहणाऱ्या सॅम्युअल मोर्स यांनी मैदान आखायचं काम जॅक नेव्हिल आणि डग्लस ग्रँट या दोघांकडे दिलं. दोघेही हौशी खेळाडू. नेव्हिल कॅलिफोर्नियाचा हौशी विजेता होता आणि पोटासाठी मोर्स यांच्याच कंपनीच्या जमिनी विकत होता. दोघांपैकी एकानेही याआधी मैदान आखलेलं नव्हतं. १९१९च्या फेब्रुवारीत मैदान खुलं झालं. पुढे नेव्हिल सांगत असे की सगळं तिथे डोळ्यांसमोर होतंच, फारसं काही हलवावं लागलं नाही, जितके होल समुद्राकडे नेता येतील तितके नेले. यात विनय असेल, पण बरंचसं खरंही आहे. आणि यातलं 'नेले' हेच अवघड काम आहे.

नकाशा समोर ठेवून पाहा. पहिले तीन होल आतल्या बाजूला. चौथ्यापासून वाट समुद्राला भिडते ती दहाव्यापर्यंत, आणि या सबंध पट्ट्यात समुद्र खेळणाऱ्याच्या उजव्या हाताला राहतो. उजव्या हाताने खेळणाऱ्या हौशी खेळाडूचा चेंडू बहुतेक वेळा उजवीकडेच वळतो. म्हणजे सात होल त्याच्या नेहमीच्या चुकीला समुद्राची धास्ती आहे. मग अकराव्यापासून वाट पुन्हा आत शिरते, सतराव्याला किनाऱ्यावर येते, आणि अठराव्याला समुद्र डाव्या हाताला जातो. आता धास्ती तरबेज खेळाडूला, कारण जोर लावला की त्याचा चेंडू डावीकडे वळतो. नवख्याची परीक्षा आधी, निष्णाताची शेवटी. यासाठी एक टेकडी उभी केली नाही की एक तळं खोदलं नाही. फक्त कोणत्या दिशेने फिरायचं ते ठरवलं. मैदान आखणाऱ्याची बुद्धी दिसते ती अशा ठिकाणी.

सातवा होल जेमतेम १०६ यार्डांचा, उतारावरून खाली, समुद्रात घुसलेल्या टोकावर. वारा पडलेला असेल तर शाळकरी पोरगंही तिथवर चेंडू पोचवेल. वारा सुटला की तोच होल जगातल्या उत्तमोत्तम खेळाडूंना रडवतो. १९९२च्या ओपनच्या शेवटच्या दिवशी सोसाट्याचा वारा होता. टॉम काइटचा चेंडू ग्रीनच्या डावीकडे गेला आणि तिथून त्याने तो सरळ कपात टाकला. ती स्पर्धा तो जिंकला. आठव्याला पहिला फटका चढावर मारायचा, पुढचं काही दिसत नाही. माथ्यावर पोचलं की पुढे कातळ तुटलेला, खाली लाटा, आणि दरीपलीकडे इवलंसं ग्रीन. जॅक निकलसला गोल्फमधला सगळ्यांत आवडता दुसरा फटका विचारला की तो याच फटक्याचं नाव घेत आला आहे. तिथे उभं राहिल्यावर प्रत्येकाला आपली ताकद आपणच जोखावी लागते: दरी ओलांडायची, की डावीकडून वळसा घेऊन एक फटका जास्त मोजायचा? ज्याला दरी झेपत नाही त्यालाही पुढे जायला वाट आहे. चांगल्या आखणीची माझी कसोटी हीच. निष्णाताला मोह पडावा आणि सामान्याला मार्ग मिळावा.

ग्रीनही तसेच. सरासरी साडेतीन हजार चौरस फूट, म्हणजे आजच्या रिसॉर्टच्या मैदानांवर असतात त्यांहून पुष्कळ लहान. लांब फटका मारणाऱ्याला इथे आपसूक फायदा मिळत नाही. नेमका कोण, हे ग्रीन ठरवतं. मैदान सात हजार यार्डांच्या आसपासच असूनही दर ओपनला ते पुरून उरतं, ते या लहान ग्रीनमुळे.

आता उरलेल्या होलांविषयीही मोकळेपणाने बोलू. पहिले तीन आणि अकरा ते तेरा हे होल चांगले आहेत. चौदाव्याचं ग्रीन तर कोणालाही नम्र करील असं आहे. पण हेच होल सॅक्रामेंटोजवळच्या एखाद्या मैदानावर असते तर त्यांच्यासाठी शंभर डॉलर द्यायला कोणी रांग लावली नसती. पेबलचा दर ठरतो तो समुद्रालगतच्या होलांवर. आणि त्या होलांमध्ये माणसाने केलेलं काय आहे, हा माझा खरा प्रश्न आहे.

ज्यांनी केलं त्यांचं देणं केव्हाच फिटलं. नेव्हिल आणि ग्रँट यांनी होलांची वाट दिली. हर्बर्ट फाउलर यांनी विसाच्या दशकाच्या सुरुवातीला अठरावा लांबवून पार-पाच केला, आणि गोल्फमधला सगळ्यांत देखणा शेवट त्यातून तयार झाला. अॅलिस्टर मॅकेंझी यांनी १९२६मध्ये आठव्या आणि तेराव्याचे ग्रीन नव्याने घडवले. चँडलर एगन यांनी १९२९च्या हौशी अजिंक्यपद स्पर्धेआधी सगळ्या मैदानावरून हात फिरवला. पाचव्या होलाची कडेची जागा सुरुवातीलाच विकली गेली होती, म्हणून तो कित्येक दशकं आतल्या बाजूला वळत होता. ती जागा परत मिळाल्यावर निकलसने १९९८मध्ये नवा पाचवा किनाऱ्यावर नेला. तुम्ही १९९९मध्ये क्लिंट ईस्टवूड, अर्नोल्ड पामर आणि पीटर युबरॉथ यांच्यासह ८२ कोटी डॉलरला कंपनी घेतलीत, तेव्हा हे सगळं जागच्या जागी तयार होतं. खरेदीच्या रकमेवर परतावा हवा, हे मला कळतं. पण तो परतावा वसूल करताना त्याला आखणीचं मोल म्हणणं बरोबर नाही.

शेजारी ठेवण्यासारखी दोन मैदानं सांगतो. लास वेगासजवळचं शॅडो क्रीक १९८९चं, टॉम फॅझिओ यांनी स्टीव्ह विन यांच्यासाठी केलेलं. सपाट वाळवंट खणून तिथे टेकड्या उठवल्या, ओढे वाहवले, हजारो झाडं लावली. त्याचा दर आज हजार डॉलरच्या पुढे आहे. मला तो अवाजवी वाटतो, वाळवंटात इतकं पाणी ओतणं तर त्याहून जास्त खुपतं. पण तिथले मालक निदान एवढं म्हणू शकतात की इथे काही नव्हतं, जे दिसतं ते आम्ही केलं. दुसरं नॉर्थ कॅरोलायनातलं पाइनहर्स्ट नंबर दोन, डोनाल्ड रॉस यांचं. वर्षानुवर्षं तिथे हिरवळ पसरवत नेली होती. २०१०-११मध्ये बिल कूर आणि बेन क्रेनशॉ यांनी उलट काम केलं: तीसहून अधिक एकरांवरची पोसलेली हिरवळ काढून वाळू आणि रानगवत परत आणलं, पाण्याचे फवारे साडेअकराशेवरून साडेचारशेवर आणले. मैदान अधिक चांगलं झालं, पाणी कमी लागलं, आणि २०१४मध्ये लागोपाठच्या दोन आठवड्यांत पुरुषांची आणि महिलांची यू.एस. ओपन तिथे झाली. म्हणजे आखणीचा दर्जा आणि तिच्यावरचा खर्च हातात हात घालून चालतात असं नाही. कित्येकदा काढून टाकण्यातच शहाणपण असतं.

सॉग्रास मैदानाच्या सतराव्या होलाचं पाण्याने वेढलेलं ग्रीन आता जगभरच्या रिसॉर्टनी उचललं आहे. मुळात ते मैदान आखणारे पीट डाय तिथून चांगली वाळू काढत होते, उपसता उपसता मोठा खड्डा पडला, आणि त्यांच्या पत्नी अॅलिस डाय यांनी सुचवलं की त्यात पाणी भरून मध्ये ग्रीन ठेवावं. गरजेतून आलेली एक अफाट कल्पना. नंतरच्या पाणवेढ्या ग्रीनांपैकी बहुतेक फक्त माहितीपत्रकातल्या फोटोसाठी आहेत. त्यांच्यापायी ग्रीन फीत जे पन्नास-शंभर डॉलर वाढतात, ते खेळाडूने का भरावेत याचं उत्तर मला आजवर कोणी दिलेलं नाही. आणि अशा प्रत्येक रिसॉर्टचा व्यवस्थापक दर वाढवताना तुमच्याकडे बोट दाखवतो: पेबल एवढं घेतं, मग आम्ही याच्या निम्मं तरी घेऊच. म्हणून हे पत्र त्यांना न लिहिता तुम्हाला लिहिलं.

तुमचा खर्च मोठा आहे, हे नाकारत नाही. लाटा कातळ खातात, अठराव्याच्या कडेने बांध राखावा लागतो. इतक्या लहान ग्रीनवर रोज इतक्या लोकांचे पाय पडतात, तिथलं पोआ गवत सांभाळणं जिकिरीचं आहे, आणि ते सांभाळणाऱ्या माणसांना मोंटेरेच्या महागाईत जगता येईल असा पगार मिळायलाच हवा. पाण्याच्या बाबतीत तर तुमचं उघड कौतुक केलं पाहिजे. सत्तरच्या दशकातल्या दुष्काळाने शिकवलं, आणि नव्वदच्या दशकापासून पेबलभोवतीच्या जंगलातली मैदानं शुद्ध केलेल्या सांडपाण्यावर येत गेली. त्या प्रकल्पाच्या कर्जामागे तुमची कंपनी उभी राहिली. अशा खर्चासाठी जास्त पैसे भरायला मी आनंदाने तयार आहे. इतिहासासाठीही आहे. १९७२मध्ये सतराव्याच्या झेंड्याच्या काठीवर आदळलेला निकलसचा फटका, १९८२मध्ये त्याच ग्रीनच्या कडेच्या दाट गवतातून टॉम वॉटसनने आत टाकलेला चेंडू, २००० साली टायगर वुड्सने पंधरा फटक्यांनी जिंकलेली ओपन, या सगळ्या जागांवरून चालताना अंगावर काटा येतो. त्याला मोल आहेच.

पण पावणेसातशे डॉलर या सगळ्याचे नाहीत. दिवसाचा उजेड मोजका, चारचार जणांचे गट, त्यांच्यामध्ये ठरावीक अंतर. खेळू इच्छिणारे जगभरातून येणार आणि जागा ठरलेल्याच. मग कोणाला घ्यायचं? तुम्ही पैशाने निवड करता. टंचाईचा दर म्हणतात तो हाच. व्यापार म्हणून त्यात काही गैर नाही. पण निवड करायचा तो एकच मार्ग नाही, आणि तुमच्याहून पुरातन, तुमच्याहून नामांकित मैदानांनी दुसरे मार्ग चालवून दाखवले आहेत.

सेंट अँड्र्यूजचं ओल्ड कोर्स ही सार्वजनिक जमीन आहे. पाहुण्याला तिथेही हंगामात तीनशे पौंडांच्या वर पडतात, तेव्हा ते स्वस्त आहे असं मी म्हणत नाही. पण तिथे रोज सोडत निघते. खेळण्याच्या दोन दिवस आधी नाव द्यायचं. हॉटेलात कोण उतरलं आणि बाहेर खानावळीवरच्या खोलीत कोण उतरलं, हे चिठ्ठीला ठाऊक नसतं. गावकरी वर्षाचं तिकीट काढतात, आणि पाहुण्याच्या एक-दोन फेऱ्यांच्या पैशांत ते वर्षभर खेळतात. रविवारी मैदान बंद असतं, म्हणजे खेळाला बंद. त्या दिवशी गावातली माणसं कुत्री घेऊन, पोरंबाळं घेऊन त्यावरून फिरतात. न्यूयॉर्कचं बेथपेज ब्लॅक तर राज्याच्या उद्यानातलं मैदान. १९३६चं, टिलिंगहास्ट यांच्या हातचं, दोन यू.एस. ओपन आणि २०२५चा रायडर कप झालेलं. न्यूयॉर्कच्या रहिवाशाला तिथली फेरी शंभर डॉलरच्या आत पडते. टी-टाइमसाठी लोक वाहनतळावर गाडीत रात्र काढतात. प्लंबर, शिक्षक, पोलीस, सगळे एका रांगेत. सॅन दिएगोचं टोरी पाइन्स शहराच्या मालकीचं. समुद्राच्या कड्यावर, २००८ आणि २०२१ या दोन ओपनचं यजमान. तिथे शहरवासीयाला बाहेरच्या माणसाच्या तुलनेत फार थोडे पैसे मोजावे लागतात. या तिन्ही ठिकाणी आखणी पहिल्या प्रतीची आहे. दर मात्र तिथल्या लोकांनी बसून ठरवला.

आणि इतकं लांब जायलाही नको. तुमच्या फाटकातून बाहेर पडून थोडं पुढे गेलं की पॅसिफिक ग्रोव्हचं मैदान लागतं. शहराच्या मालकीचं. पहिले नऊ होल चँडलर एगन यांचे, १९३२चे. पुढचे नऊ १९६०मध्ये आखले, ते कोणी? तुमच्याच जॅक नेव्हिल यांनी. पॉइंट पिनोसच्या जुन्या दीपगृहाभोवती, वाळूच्या टेकड्यांतून, तोच वारा अंगावर घेत ते नऊ होल फिरतात. हरणं फेअरवेवर बसलेली असतात, चेंडू जवळून गेला तरी उठत नाहीत. ग्रीन तुमच्यासारखे राखलेले नाहीत, क्लबहाउसमध्ये संगमरवर नाही, आणि आठव्यासारखा कातळ तर नाहीच. पण दीपगृहाजवळच्या टीवर उभं राहून मी नेव्हिलची तीच बुद्धी पाहतो: जमीन जिकडे जाते तिकडे जायचं, वाऱ्याला काम करू द्यायचं. हा खेळ पेबलपेक्षा कित्येक पटींनी कमी पैशांत मिळतो. मी आमच्या मंडळींना सांगतो, आधी इथे खेळा, एकदा नव्हे, मोसम बदलेल तसे येऊन खेळा. त्यानंतर पैसे साठवून पेबलला जावंसं वाटलं तर जरूर जा. तिथे काय आहे ते तेव्हा तुम्हाला जास्त कळेल.

तोच माणूस, तोच समुद्र आणि दरात एवढं अंतर. मग दर आखणीचा कसा?

हे सगळं लिहायचा मला काय अधिकार, असं कोणी विचारील. मालमत्ता खाजगी आहे, ज्याला परवडत नाही त्याने येऊ नये. बाकी कुठल्याही रिसॉर्टला हे उत्तर चाललं असतं. पेबलला चालत नाही, आणि त्याचं कारण तुमच्याच इतिहासात आहे.

१९९०मध्ये जपानचे मिनोरू इसुतानी यांनी ८० कोटी डॉलरहून जास्त मोजून ही मालमत्ता घेतली. खाजगी सदस्यत्वं विकून पैसे उभे करायचा त्यांचा बेत होता. तो पार पडता तर पेबल आज शेजारच्या सायप्रस पॉइंटसारखं बंद दारामागे गेलं असतं. कॅलिफोर्नियाचा किनारा आयोग आडवा आला. खेळाडूंनी आणि रहिवाशांनीही आवाज उठवला. सदस्यत्वाचा बेत बारगळला आणि १९९२मध्ये इसुतानींना मोठा तोटा सोसून सगळं विकावं लागलं. पुढे तुम्ही या जंगलात आणखी एक मैदान काढायचं ठरवलंत, त्यासाठी मोंटेरे पाइनची हजारो झाडं जाणार होती, आणि २००७मध्ये आयोगाने ती योजना फेटाळली. २०१२मध्ये मंजूर झालेल्या नव्या योजनेत ते मैदान नव्हतं, आणि जंगलाचा मोठा भाग कायमचा राखून ठेवलेला होता. तुम्ही ते स्वीकारलंत, हे बरं केलंत.

हा आयोग ज्या कायद्यावर उभा आहे, त्या १९७६च्या किनारा कायद्यात एक कलम आहे, ३०२१३. किनाऱ्यावर कमी खर्चात येता येईल अशा सोयी राखाव्यात, त्यांना उत्तेजन द्यावं, आणि शक्य तिथे त्या निर्माण कराव्यात, असा त्याचा आशय आहे. मी वकील नाही आणि तुम्हाला कोर्टात खेचायला निघालेलो नाही. मला एवढंच दाखवायचं आहे की पेबल आज सर्वांना खुलं आहे ते केवळ मालकांच्या मर्जीने नाही. लोकांनी ते खुलं ठेवायला लावलं. तुमच्या मैदानाचं निम्मं मोल ज्या समुद्रात आहे, तो समुद्र कायद्याने सगळ्यांचा आहे. तुमच्या ताळेबंदात त्याला किंमत नाही, पण तुमच्या प्रत्येक पावतीत आहे.

म्हणून माझं मागणं नेमकं आहे. दर आठवड्याला ठरावीक टी-टाइम सोडतीने द्या. त्यासाठी तुमच्या हॉटेलात राहायची अट नको. कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला, आणि मोंटेरे परगण्यातल्या माणसाला सगळ्यांत आधी. दर टोरी पाइन्स आपल्या शहरवासीयांना लावतं त्याच्या आसपास ठेवा. हे टी-टाइम जानेवारीतल्या पावसाचे किंवा अंधार पडायच्या बेताचे नसावेत. सकाळचे द्या, सप्टेंबर-ऑक्टोबरचे द्या, जेव्हा धुकं ओसरलेलं असतं आणि सातव्यावरून पलीकडचा किनारा दिसतो. सेंट अँड्र्यूजचे सोडतीचे नियम चालून तावूनसुलाखून निघालेले आहेत. त्यांच्याकडून ते मागायला कमीपणा नाही.

मुलांसाठी तुम्ही काही करत नाही असं मी म्हणणार नाही. २००४पासून दरवर्षी मुलांना गोल्फ शिकवणाऱ्या 'फर्स्ट टी' संस्थेची मुलं तुमच्या मैदानावर मुरलेल्या व्यावसायिकांच्या जोडीने स्पर्धेत खेळतात. हा फार चांगला पायंडा आहे. टायगर वुड्सने २०२१मध्ये केलेल्या 'द हे' या छोट्या मैदानावर तुमच्या सातव्याची लांबीसकट प्रतिकृती आहे, तिथे मुलं रमतात, आमचीही रमली. पण तुमच्यापासून अर्ध्या-पाऊण तासावर सलिनासचं खोरं आहे. तिथे कोबी-लेट्यूसच्या शेतांत राबणाऱ्यांची मुलं फर्स्ट टीच्या केंद्रात पटिंग शिकतात. त्यांच्यापैकी एखाद-दुसरा स्पर्धेसाठी निवडला जाईल. बाकीच्यांनी प्रतिकृतीवर समाधान मानायचं का? सोडतीतला काही वाटा अठरा वर्षांखालच्यांसाठी बाजूला काढा आणि सोबत येणाऱ्या आई किंवा बापाकडून पैसे घेऊ नका. काठ्या वाहायला तुमचेच कॅडी बरोबर द्या, कारण आठव्याच्या माथ्यावर कुठे उभं राहायचं आणि कुठे बघायचं हे त्यांच्याइतकं कोणाला कळत नाही.

याने तुमचं किती नुकसान होईल, तो हिशेब तुमच्या कचेरीत एका दुपारी मांडता येईल. जे टी-टाइम उरतील ते आजच्याच दराने, कदाचित त्याहून चढ्या दराने जातील. देशोदेशीचे पाहुणे येतच राहतील आणि खोल्याही भरतील. तुमचा धंदा बुडावा अशी माझी मुळीच इच्छा नाही. तो बुडाला तर बांध कोण राखणार आणि ग्रीनवरचं गवत कोण सांभाळणार?

पुढच्या वर्षीचं वेळापत्रक तुम्ही आखाल तेव्हा त्यात ही सोडत घाला, आणि तिचे नियम इंग्रजीइतकेच स्पॅनिशमध्येही छापा, म्हणजे सलिनासपर्यंत ते पोचतील. सनीव्हेल आणि फ्रीमाँटपर्यंत पोचवायचं काम आमच्याकडे लागलं.

कळावे,

सांता क्लारा परगण्यातला
नगरपालिकेच्या मैदानांवरचा एक खेळाडू